‘अल्यूड’ : नाव न घेता केलेला निर्देश

इंग्रजी वृत्तपत्रे, संसदेतील भाषणे, न्यायालयांचे निकाल आणि स्पर्धा परीक्षांतील उतारे यांत ‘अल्यूड’ हे क्रियापद वारंवार आढळते. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘उल्लेख करणे’ असा दिसला की अनेक विद्यार्थी आणि अनुवादक तेथेच थांबतात. वस्तुतः ‘अल्यूड’ म्हणजे केवळ उल्लेख नव्हे. एखाद्या व्यक्तीचे, घटनेचे वा गोष्टीचे नाव उघडपणे न घेता, ऐकणाऱ्याला ती ओळखता यावी अशा रीतीने तिच्याकडे केलेला निर्देश, असा त्याचा नेमका अर्थ आहे. ‘नाव न घेता’ एवढे तीन शब्द गळाले, तर वाक्याचा अर्थ तर बदलतोच. शिवाय जे कोणी बोललेच नाही ते त्याच्या तोंडी घातले जाते. म्हणून या क्रियापदाचा अर्थ आणि वापर काळजीपूर्वक समजून घेणे आवश्यक ठरते.

उच्चार आणि रूपे

या शब्दाचा उच्चार ‘अलूड’ असा केला जातो. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘अल्यूड’ असाही उच्चार ऐकू येतो. दोन्हींत आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘लूड’ किंवा ‘ल्यूड’वर येतो. भूतकाळी रूप ‘अल्यूडेड’, चालू काळातील रूप ‘अल्यूडिंग’, नाम ‘अल्यूजन’ आणि विशेषण ‘अल्यूसिव्ह’ असे आहे. ज्या लेखनात असे सूचक निर्देश पुष्कळ असतात, त्या लेखनाला ‘अल्यूसिव्ह’ म्हणतात.

मूळ खेळात

‘अल्यूड’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘आद’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘लूदेरे’ म्हणजे ‘खेळणे’ यांच्या संयोगातून ‘आल्लूदेरे’ हे क्रियापद झाले. त्याचा अर्थ थट्टा करणे, खेळकरपणे एखाद्या गोष्टीकडे वळणे असा होता. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा आरंभी थट्टा आणि शब्दांवरील कोटी या अर्थच्छटा त्याला होत्या. कोटीत बोलणारा एक शब्द उच्चारतो आणि दुसरा सुचवतो. त्यातूनच पुढे ‘आडवळणाने निर्देश करणे’ हा आजचा अर्थ स्थिरावला.

याच धातूपासून इंग्रजीत मोठे शब्दकुल निर्माण झाले आहे. ‘इल्यूड’ म्हणजे हुलकावणी देणे, ‘डिल्यूड’ म्हणजे भ्रमात पाडणे, ‘कोल्यूड’ म्हणजे संगनमत करणे. ‘प्रील्यूड’ म्हणजे मुख्य खेळाआधीचा भाग, आपल्याकडील नांदीसारखा. घरोघरी खेळला जाणारा ‘ल्यूडो’ हा पचिसीवरून इंग्लंडमध्ये तयार झालेला खेळ; त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘मी खेळतो’ असाच आहे. या शब्दांतील ‘ल्यूड’ म्हणजे खेळ, एवढे ध्यानात ठेवले की ‘अल्यूड’चा अर्थही लक्षात राहतो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातला तो एक खेळ असतो. बोलणारा खूण करतो, ऐकणारा ओळखतो.

अर्थाची तीन अंगे

हा खेळ पूर्ण होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, नामोल्लेखाचा अभाव. ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे थेट नाव घेतले तर तो निर्देश ‘अल्यूजन’ राहत नाही. दुसरी, बोलणाऱ्याचा हेतू. एखाद्याचे बोलणे योगायोगाने दुसऱ्याला लागू पडले, तर बोलणाऱ्याने ‘अल्यूड’ केले असे म्हणता येत नाही. तिसरी, ऐकणाऱ्याची माहिती. संदर्भ ठाऊक नसेल तर निर्देश वाया जातो. रामायण ठाऊक नसलेल्या माणसासमोर कोणी ‘लक्ष्मणरेषा’ म्हटले, तर त्याला केवळ एक रेषा दिसेल. त्यामागील सीता, रावण आणि वनवास दिसणार नाही.

मराठी माणसाला हा व्यवहार परका नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण या क्रियापदाचे जणू घरगुती भाष्यच आहे. बोल लेकीला असतात, रोख सुनेवर असतो आणि तो सुनेला बरोबर कळतो. पतीचे नाव घेणे निषिद्ध मानले जात असे त्या काळी ‘इकडची स्वारी’, ‘तिकडून येणे झाले का’ अशा शब्दांत संसार चालत. नाव कोठेही नसे, पण कोणाविषयी बोलणे चालले आहे याविषयी घरात कोणालाही शंका नसे. मराठी व्याकरणात शिकवला जाणारा अन्योक्ती अलंकारही याच जातीचा आहे. त्यात बोलणे एकाविषयी असते आणि अभिप्राय दुसऱ्याविषयी. संस्कृत काव्यशास्त्राने तर याची स्वतंत्र मीमांसा केली. शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा तीन शक्ती मानून, न उच्चारलेला अर्थ व्यंजनेने कळतो असे त्या शास्त्राने सांगितले. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’ हा ग्रंथ याच विषयावर आहे. अर्थात व्यंजनेचा विस्तार ‘अल्यूजन’पेक्षा पुष्कळ मोठा आहे. भाव, रस, वस्तू हे सारे तिच्या कक्षेत येते, तर ‘अल्यूजन’ एका विशिष्ट व्यक्तीकडे वा संदर्भाकडेच बोट दाखवते.

वाक्यातील वापर

‘अल्यूड’ हे अकर्मक क्रियापद असून त्याच्यापुढे ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय यावेच लागते. ‘शी अल्यूडेड टू हर इलनेस’ हे वाक्य शुद्ध आहे. आजाराचे नाव न घेता ‘गेले काही महिने बरे गेले नाहीत’ एवढेच ती म्हणाली असावी, असे त्यातून समजते. ‘टू’ गाळून ‘शी अल्यूडेड हर इलनेस’ असे लिहिणे चूक आहे. ‘उल्लेखाविषयी’ या मराठी वळणामुळे ‘अल्यूड अबाउट’ लिहिण्याची सवय काहींना असते, तीही चूक आहे.

या क्रियापदाला ‘दॅट’ने सुरू होणारे वाक्य थेट जोडता येत नाही. ‘ही अल्यूडेड दॅट...’ अशी रचना टाळावी. तसे म्हणायचेच असेल तर ‘अल्यूडेड टू द फॅक्ट दॅट’ अशी रचना करावी लागते. कर्मणी प्रयोगातही ‘टू’ सुटत नाही. ‘द स्कँडल वॉज अल्यूडेड टू’ या वाक्याच्या शेवटी ‘टू’ लटकल्यासारखा वाटला तरी तो हवाच.

कर्ता माणूसच असला पाहिजे असे नाही. पुस्तकाचे शीर्षक, चित्र, व्यंगचित्र, नाटकातील प्रवेश यांनाही ‘अल्यूड’ करता येते. ज्याकडे निर्देश करायचा तीही व्यक्तीच असावी असे बंधन नाही. घटना, काळ, ग्रंथ, आजार, कर्ज, जुने भांडण यांपैकी काहीही चालते.

जवळचे शब्द आणि त्यांतील अंतर

‘रेफर’ म्हणजे थेट निर्देश करणे. कार्यालयीन पत्रात क्रमांक आणि दिनांक देऊन ‘आपल्या पत्राच्या संदर्भात’ असे लिहिले जाते, तेथे ‘रेफर’च योग्य. क्रमांक आणि दिनांक दिल्यावर सूचक काही उरतच नाही. तेथे ‘अल्यूड’ वापरणे हास्यास्पद होईल. ‘मेन्शन’मध्येही नाव घेतले जाते, मात्र तो उल्लेख बहुधा ओझरता असतो. ‘क्वोट’ करणारा दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देतो. ‘अल्यूड’ करणारा त्या शब्दांची केवळ आठवण करून देतो.

‘हिंट’ म्हणजे सुगावा देणे. ‘हिंट’मधून नवी माहिती अर्धवट कळते, तर ‘अल्यूजन’मध्ये ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीची खूण असते. ‘इम्प्लाय’ म्हणजे विधानातून एखादा निष्कर्ष ध्वनित करणे. तेथे व्यक्तीपेक्षा मुद्दा सुचवला जातो. ‘इन्फर’ हे त्याचे दुसरे टोक. ध्वनित झालेले ते ऐकणारा ‘इन्फर’ करतो, म्हणजे अनुमानाने काढतो. ‘इन्सिन्युएट’ या क्रियापदात मात्र कुत्सितपणा आहे. एखाद्याविषयी वाईट गोष्ट हळूच पेरणे असा त्याचा अर्थ. ‘अल्यूड’ स्वतः तटस्थ आहे. कोणाच्या उपकारांकडे, पराक्रमाकडे वा दुःखाकडेही आदराने सूचक निर्देश करता येतो.

येथे एका वादाची नोंद करणे आवश्यक आहे. इंग्रजी बोलणारे अनेक जण, त्यांत नामवंत लेखकही आले, ‘अल्यूड’ हा शब्द थेट उल्लेखासाठीही वापरतात. काही आधुनिक शब्दकोशांनी या वापराची नोंद घेतली आहे. तथापि, शैलीविषयक मार्गदर्शक ग्रंथांचा कल दीर्घकाळ त्याविरुद्ध राहिला आहे. वाचताना हा सैल वापर संभवतो हे ध्यानात ठेवावे. लिहिताना मात्र जुना भेद पाळणे हिताचे. थेट उल्लेखासाठी ‘रेफर’ आणि ‘मेन्शन’ असे दोन शब्द उपलब्ध आहेत; सूचक निर्देशासाठी इतका नेमका दुसरा शब्द नाही.

ध्वनिसाम्यामुळे होणारे घोटाळे

‘अल्यूड’ आणि ‘इल्यूड’ यांत गल्लत फार होते. चोर पोलिसांना ‘इल्यूड’ करतो, म्हणजे हुलकावणी देतो. वक्ता चोरीकडे ‘अल्यूड’ करतो. ‘इल्यूड’नंतर ‘टू’ येत नाही, ही दोघांना वेगळे ओळखण्याची सोपी खूण होय. तसेच ‘अल्यूजन’ म्हणजे सूचक निर्देश, ‘इल्यूजन’ म्हणजे आभास आणि ‘डिल्यूजन’ म्हणजे मनात घट्ट बसलेला भ्रम. विशेषणांतही ‘अल्यूसिव्ह’ म्हणजे सूचक संदर्भांनी भरलेले आणि ‘इल्यूसिव्ह’ म्हणजे हाती न लागणारे. संगणकातील शब्दतपासनीस अशा चुका बहुधा पकडत नाही, कारण हे सर्व शब्द आपापल्या जागी शुद्धच असतात.

साहित्यातील ‘अल्यूजन’

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात ‘अल्यूजन’ ही एक महत्त्वाची संज्ञा आहे. पूर्वीच्या कृतीचे स्मरण जागवून नवी कृती आपला अर्थ वाढवते. अनेकदा शीर्षकातच हे काम होते. आल्डस हक्सले यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) या कादंबरीचे शीर्षक शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’कडे निर्देश करते, तर चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीचे शीर्षक येट्सच्या कवितेकडे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९२४) या शीर्षकामागे अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांची कविता आहे. टी. एस. एलियट यांची ‘द वेस्ट लँड’ (१९२२) ही कविता तर अशा निर्देशांनी गच्च भरलेली असून त्यांत बृहदारण्यक उपनिषदाचाही समावेश आहे. वाचकांना इतके संदर्भ लागणे अवघड होते. पुस्तकरूपाने प्रसिद्ध होताना कवीने त्याला स्वतःच टिपा जोडल्या.

‘कीचकवध’ : नाव न घेतलेला व्हाइसरॉय

सूचक निर्देशात केवढे सामर्थ्य असते याचे ठळक उदाहरण मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि ‘केसरी’शी संबंधित असलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथानक महाभारतातील विराटपर्वाचे होते. अज्ञातवासातील पांडव, सैरंध्री झालेली द्रौपदी, तिची अभिलाषा धरणारा उन्मत्त कीचक, संयम सांगणारा धर्मराज आणि अखेर कीचकाला ठार करणारा भीम, एवढाच पट होता. ब्रिटिश राजवटीचा उच्चार त्यात कोठेही नव्हता.

प्रेक्षकांना मात्र वेगळेच दिसत होते. १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांची छाया त्यांना कीचकात दिसली, पारतंत्र्यातील भारतमाता द्रौपदीत, नेमस्त पक्ष धर्मराजात आणि जहाल पक्ष भीमात. इंग्रजीत सांगायचे तर हे नाटक कर्झन यांच्याकडे ‘अल्यूड’ करत होते, त्यांना ‘रेफर’ करत नव्हते. अर्थाची तिन्ही अंगे येथे पूर्ण झाली होती. नाव नव्हते, हेतू होता आणि प्रेक्षकांना संदर्भ पाठ होता.

१९१० मध्ये सरकारने या नाटकावर बंदी घातली. या बंदीतील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. नाटककाराने कर्झन यांचे नाव घेतले नव्हते. महाभारतातील कीचक म्हणजे ब्रिटिश व्हाइसरॉय, हे समीकरण मान्य केल्याशिवाय बंदीला कारणच उरत नव्हते. म्हणजे जे नाटककाराने रंगमंचावर उच्चारले नाही, ते बंदी घालून सरकारनेच जगजाहीर केले.

नाव कोण घेते?

‘अल्यूड’ या क्रियापदाचे खरे मर्म येथेच आहे. बोलणारा नाव घेत नाही. पण त्याने अमुकाकडे ‘अल्यूड’ केले असे जो लिहितो, तो मात्र ते नाव घेतो. वृत्तलेखन आणि अनुवाद करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखादा मंत्री जाहीर सभेत म्हणतो, ‘पहिल्याच पावसात तडे जाणारी भिंत कोणी बांधली, हे जनतेला ठाऊक आहे.’ इंग्रजी बातमीत याचे वर्णन ‘मंत्र्यांनी धरणाच्या कंत्राटाकडे अल्यूड केले’ असे येते. त्याचा मराठी अनुवाद ‘मंत्र्यांनी कंत्राटात गैरव्यवहार झाल्याचा आरोप केला’ असा झाला, तर तो साफ चुकीचा आहे. आरोप झालेलाच नाही. ‘मंत्र्यांनी कंत्राटाचा उल्लेख केला’ हाही अनुवाद दिशाभूल करणारा आहे, कारण कंत्राट हा शब्द त्यांनी उच्चारलेला नाही. ‘थेट उल्लेख टाळून मंत्र्यांनी धरणाच्या कंत्राटाकडे सूचक निर्देश केला’ हा अनुवाद मूळ अर्थाशी प्रामाणिक आहे.

त्याहून पुढची पायरी म्हणजे त्या निर्देशाबद्दल बातमीदाराची खात्री कितपत आहे, हे सांगणे. निर्देश निःसंदिग्ध नसेल तर इंग्रजी बातमीदार ‘अपीअर्ड टू अल्यूड टू’, म्हणजे ‘निर्देश करत असल्यासारखे वाटले’, अशी सावध रचना करतो. मराठीत ‘त्यांचा रोख अमुक कंत्राटाकडे असल्याचे दिसते’ हे त्याचे योग्य रूप. ‘असल्याचे दिसते’ हे शब्द जागा वाचवण्यासाठी कापले, तर अनुमानाचे वस्तुस्थितीत रूपांतर होते. वाक्य कापायचेच असेल तर वक्त्याचे मूळ शब्द जसेच्या तसे देऊन अर्थ वाचकावर सोपवणे अधिक सुरक्षित आणि अधिक न्याय्य.

कायद्याची बाजू

‘मी कोणाचे नाव घेतले नाही’ हा बचाव लोकव्यवहारात नेहमी ऐकू येतो. कायद्यात तो दरवेळी टिकत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मधील तिसऱ्या स्पष्टीकरणात, पर्यायाच्या रूपाने किंवा उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीची तरतूद कलम ३५६ मध्ये आहे. आरोप ज्याच्याविषयी आहे ती व्यक्ती वाचकाला ओळखता येते की नाही, हा अशा प्रकरणांतील कळीचा प्रश्न असतो. इंग्लंडच्या कायद्यात आडून केलेल्या बदनामीसाठी ‘इन्युएंडो’ ही स्वतंत्र संज्ञाच रूढ आहे. तिचे लॅटिन मूळ ‘मानेने खूण करणे’ या अर्थाचे आहे.

लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांत तर ही बाब अधिकच गंभीर होते. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. पूर्वी ती दंड संहितेच्या कलम २२८-अ मध्ये होती, आता न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात, केवळ नावच नव्हे तर जिच्यावरून पीडितेची ओळख पटू शकेल अशी माहितीही प्रसिद्ध करता येणार नाही, असे स्पष्ट केले. गावाचे नाव, शाळेची इयत्ता, वडिलांचा व्यवसाय, घराजवळचे देऊळ असे चार तपशील एकत्र आले की नाव न घेताही गावाला सारे कळते. बातमीदाराचा तसा हेतू नसेल, म्हणजे भाषेच्या काटेकोर अर्थाने ते ‘अल्यूजन’ नसेलही. पण त्या मुलीला भोगावा लागणारा परिणाम तोच असतो.

मराठी प्रतिशब्द

‘अल्यूड’साठी मराठीत एकच प्रतिशब्द सर्वत्र चालत नाही. ग्रंथ वा कथेच्या संदर्भात ‘सूचक निर्देश करणे’ किंवा ‘अप्रत्यक्ष उल्लेख करणे’ योग्य. राजकीय भाषणाच्या संदर्भात ‘नामोल्लेख टाळून’, ‘नाव न घेता’, ‘रोख असणे’ हे शब्दप्रयोग नेमके बसतात. दुःखद वा नाजूक गोष्टीबाबत ‘ओझरता स्पर्श करणे’ शोभते. ‘टोला लगावणे’, ‘टोमणा मारणे’ यांत मात्र बोचरेपणा आहे. मूळ वाक्यात तो नसेल तर हे शब्द वापरू नयेत. ‘अंगुलीनिर्देश’ हा शब्दही जपून वापरावा, कारण बोट दाखवणे मराठीत दोष देण्याच्या जवळ जाते. ‘इशारा’ या शब्दाला आज ताकिदीचा अर्थ अधिक चिकटला असल्याने तोही टाळणे बरे.

प्रतिशब्द निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. बोलणाऱ्याने नाव घेतले आहे काय? त्याचा हेतू शब्दांतून खरोखर दिसतो काय? आणि आपल्या वाक्यात ते नाव कोणाच्या तोंडी जात आहे? पहिल्याचे उत्तर ‘होय’ असेल तर मूळ लेखकाने शब्द सैलपणे वापरला आहे, तेथे साधे ‘उल्लेख केला’ पुरेसे आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर ‘असल्याचे दिसते’ हे शब्द सोडू नयेत. आणि नाव बोलणाऱ्याऐवजी लिहिणाराच घेत असेल, तर त्याची जबाबदारीही लिहिणाऱ्याचीच राहते.